बारा बंद दारं आणि उणे अकरा

पत्र

प्रिय मावशी,

माझं मराठी आजीकडून आणि ह्यूस्टनच्या रविवारच्या मराठी शाळेतून आलेलं आहे, तेव्हा चुका पोटात घाला. मी तेवीस वर्षांची. जन्म, शाळा, कॉलेज, सगळं टेक्सासात. आई-बाबा मूळचे साताऱ्याचे. ऑगस्टपासून मी स्वीडनमध्ये उप्सालाला मास्टर्स करतेय आणि फ्लोग्स्टा नावाच्या वस्तीत, विद्यार्थ्यांच्या उंच इमारतीत राहतेय. एका कॉरिडॉरमध्ये बारा खोल्या, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. माझ्याशिवाय जवळजवळ सगळे स्वीडिश.

ऑक्टोबरपर्यंत मजेत होते. नोव्हेंबरपासून बिनसलं. वाईट कुणीच वागत नाही, पण मी स्वयंपाकघरात गेले आणि "हाय, कसा आहेस?" म्हटलं की समोरचा "हेय" म्हणतो आणि फ्रीजमध्ये डोकं घालतो. मी कॉरिडॉरमध्ये असले तर दाराआड कुणीतरी मी जायची वाट बघत उभं असतं, हे मला कळतं. उमेओचा एक मुलगा आहे, मी काहीही बोलले की दचकल्यासारखा श्वास आत ओढतो. थँक्सगिव्हिंगला दोन दिवस आधी ग्रुपवर सगळ्यांना जेवायला बोलावलं. तिघं आले, तेही आपापली बिअर घेऊन. दुसऱ्या दिवशी एकीने मेसेज केला, "माझा वाटा किती झाला? स्विश करते." (स्विश म्हणजे फोनवरून पैसे पाठवायचं इथलं ॲप.) मी रडले. कपडे धुवायच्या खोलीत माझ्यासाठी चिठ्ठी लावलेली सापडली, शेवटी तीन उद्गारचिन्हं. ख्रिसमसला सगळे आपापल्या घरी गेले. मी एकटी. कुणी विचारलंही नाही.

आता बाहेर उणे अकरा आहे. सकाळी उठवत नाही. रात्री तीन-चारला झोपते, कारण ह्यूस्टनच्या मैत्रिणी तेव्हाच मोकळ्या असतात. त्यात इथे रोज रात्री दहाला सगळी पोरं खिडक्या उघडून किंचाळतात, मी कानावर उशी घेते. आई म्हणते, परत ये. पुढचं सत्र आठवड्याभरात सुरू होईल. मी यांना नकोशी आहे का? सोडून जाऊ का?

तुमची,
कुडकुडणारी, उप्साला


उत्तर

अगं कुडकुडणारे,

आधी प्रश्नांची उत्तरं देते, मग पाल्हाळ लावते. तू त्यांना नकोशी नाहीस. आणि परत जायचं की नाही हे जानेवारीत ठरवायचं नाही. या देशात जानेवारीत शहाणी माणसं मोठं काही बदलत नाहीत.

आता पाल्हाळ. मी सत्तावीस वर्षं वेस्तेरोसला राहतेय, तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर, तेव्हा तू लिहिलेलं सगळं माझ्या अंगावरून गेलेलं आहे. स्विश, चिठ्ठी, बंद दारं यांवर तू जीव ओतून लिहिलंस आणि रात्री तीन-चारला झोपण्याचं मात्र जाता जाता सांगितलंस. माझं बोट तिथंच अडकलं. हिशेब कर. ह्यूस्टन तुझ्या सात तास मागे. पहाटे चारला झोपलीस की उठायला साडेबारा. आंघोळ, कॉफी, फोन, दीड वाजला. सध्या उप्सालाला सूर्य पावणेनऊच्या मागेपुढे उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. म्हणजे मुळात दिवस साडेसहा तासांचा, त्यातले पाच तास तू पडद्याआड घालवतेस. ह्यूस्टनला डिसेंबरातल्या सगळ्यांत छोट्या दिवशीसुद्धा दहा तासांहून जास्त उजेड असतो. तुझं शरीर त्या हिशेबावर वाढलंय. तू राहतेस उप्सालात आणि झोपतेस ह्यूस्टनच्या घड्याळावर. दोन्हीकडचा सूर्य तुझ्या हाती लागत नाही.

म्हणून पहिलं काम: मैत्रिणींना सांग की सोमवार ते शुक्रवार फोन नाही, शनिवारी पोटभर बोलू. आईला दुपारी दोनला फोन कर, तिकडे सकाळचे सात असतात, ती चहा घेत असेल. आणि अकरा ते एक हा वेळ बाहेरचा. वर्ग असेल तर सायकल न घेता चालत जा. ढग असले तरी जा. हिवाळ्यातला इथला ढगाळ उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, डोळ्यांना तो कळत नाही, झोपेला कळतो.

हे दोन आठवडे करून पाहा. आणि तरीही उठवत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर पुढची चिठ्ठी मला लिहू नकोस. विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्य केंद्रात वेळ घे, किंवा ११७७ ला फोन कर, तिथे नर्स बोलते आणि कुठे जायचं ते सांगते. जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात आला तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच क्षणी ११२. हिवाळ्यातलं नैराश्य इथे सर्दीइतकं ओळखीचं आहे. उमेओत २०१२ साली वीज कंपनीने बसथांब्यांवर उपचाराचे प्रखर दिवे लावले होते, लोक बसची वाट बघत उजेड खात बसायचे. कुणी हसलं नाही. ड जीवनसत्त्वाचंही डॉक्टरलाच विचार. आपली सावळी कातडी आणि हा सूर्य, यांचं गणित जमत नाही.

थंडीबद्दल मी फार बोलणार नाही. इथले लोक तुला सांगतीलच की हवामान वाईट नसतं, कपडे वाईट असतात. स्वीडिशमध्ये त्याचं यमक जुळतं म्हणून ते दिवसातून चारदा म्हणतात. आतून लोकर, मध्ये काहीतरी उबदार, वरून वारा अडवणारं, आणि जीन्स नको, एवढं पुरे. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते घे. बर्फ वितळून पुन्हा गोठला की नगरपालिकेने टाकलेली खडीही पुरत नाही. जॅकेटला चमकणारा रिफ्लेक्टर लटकव, अंधारात गाडीवाल्याला तू दिसायला हवीस. आणि खरं सांगू, थंडी तुला नवीन नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फ पडलं आणि लाखो घरांची वीज गेली, तेव्हा तू शाळेत असशील. घरातच थंडी शिरते तेव्हा कसं वाटतं हे तुला स्वीडिश पोरांपेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्या खिडक्यांना दोन-तीन काचा असतात, आत गरम पाण्याच्या नळ्या फिरतात, त्यांची थंडी उंबऱ्यापाशी संपते.

जाता जाता, उणे अकरा म्हटलं की तू मनात फॅरनहाइट करतेस ना? तुझ्या गावातच, स्वार्तबेक्सगातान या रस्त्यावर, आंदेर्स सेल्सियसची जुनी वेधशाळा आहे, पादचारी रस्त्याला तिरकी उभी असलेली. त्याने १७४२ मध्ये मोजपट्टी मांडली ती उलटी, पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. नंतर ती सुलटी झाली. उप्सालात तापमान कळायला वेळ लागला तर वाईट वाटून घेऊ नकोस, खुद्द सेल्सियसलाही ते सरळ सुचलं नव्हतं.

आता दारांकडे येऊ.

तू ज्याला टाळणं म्हणतेस त्याला ते लोक सभ्यता म्हणतात. दाराआड उभा राहिलेला मुलगा तुला त्रास देऊ नये म्हणून थांबलाय. बसमध्ये शेजारची जागा रिकामी ठेवतात त्याच कारणाने. आपल्याकडे कुणी आपल्याशी बोलायला आलं नाही तर तो आपला अपमान. इथे कुणी उगाच बोलायला आलं तर ती घुसखोरी. आणि "कसा आहेस?" हा टेक्सासात नमस्कार असतो, इथे तो प्रश्न असतो. तू विचारतेस आणि उत्तराची वाट न बघता कॉफी ओततेस, त्या पोराला कळत नाही की तू खरंच विचारलंस का. म्हणून तो फ्रीजमध्ये डोकं घालतो. तू नुसतं "हेय" म्हण. मग एक खरा प्रश्न विचार, ज्याला खरं उत्तर आहे: "ही शेगडी मंद का होत नाही?" स्वीडिश माणसाला माहिती विचारली की तो फुलतो. पंधरा मिनिटं बोलेल.

उमेओच्या मुलाचं तर मला हसू आवरेना. अगं, तो दचकत नाही, तो "हो" म्हणतोय! उत्तर स्वीडनमध्ये "या" म्हणायच्या ऐवजी ओठ चंबू करून श्वास आत ओढतात, भुर्रकन. मला पहिल्यांदा वाटलं होतं बाईंना दमा आहे. तू पाच महिने बोलतेयस आणि तो पाच महिने तुझ्याशी सहमत होतोय.

थँक्सगिव्हिंगचं मला वाईट वाटलं. परक्या देशात सणाचा स्वयंपाक करून वाट बघत बसणं काय असतं हे मला माहीत आहे. मी एका दिवाळीला चौदा माणसांचा फराळ करून दोघांना खाऊ घातलाय. पण तू बोलावणं दोन दिवस आधी दिलंस. हे लोक दोन दिवस आधी दातही दुखू देत नाहीत. त्यांच्या वह्यांत तीन आठवड्यांपुढचं लिहिलेलं असतं, तेही तारखेने नाही, आठवड्याच्या क्रमांकाने. एवढ्या घाईच्या बोलावण्याला अकरांपैकी तीन आले, गुरुवारी, जो त्यांच्यासाठी कामाचा साधा दिवस होता. मी तर म्हणेन गर्दी झाली.

बिअर स्वतःची आणली कारण इथे दारू महाग, साडेतीन टक्क्यांवरची घरी न्यायची तर जवळजवळ फक्त सरकारी दुकानात मिळते आणि ते दुकान शनिवारी दुपारी तीनला बंद होतं ते सोमवारीच उघडतं. दुसऱ्याची बिअर पिणं म्हणजे त्याची आठवड्याची तरतूद पिणं. आणि स्विशचं म्हणशील, तर ती मुलगी तुझ्यावर ओझं राहू नये असं बघत होती. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे गोड उधारी: आज तू जेवलास, उद्या मी येईन, आणि ही उधारी कधी फिटूच नये यातच नात्याची मजा. स्वीडिश माणसाला उधारीची भीती वाटते. त्याला वाटतं हिशेब मिटला की आपण दोघं मोकळे, आणि मोकळ्या माणसांचीच मैत्री खरी. मला हे पटत नाही, सत्तावीस वर्षांत पटलेलं नाही. पण तिचा हेतू तुझ्या रडण्याच्या नेमका उलट होता. पुढच्या वेळी सांग, "पैसे नकोत, तू मिष्टान्न आण." ती आणेल. आणि विसरणार नाही.

एक विचारते. त्या तिघांपैकी कुणी नंतर भेटल्यावर "ताक फोर सेनास्त" म्हणालं का? आठवून बघ. म्हणजे "मागच्या वेळेबद्दल धन्यवाद". कुणाकडे जेवून आलं की पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हे म्हणायचं असतं, मग भेट दुसऱ्या दिवशी होवो की दोन महिन्यांनी. तू ते ऐकलं असशील आणि सोडून दिलं असशील. त्या वाक्यात "आपण आता ओळखीचे" असं लिहिलेलं असतं, फक्त फार बारीक अक्षरात.

सगळंच त्यांच्या बाजूने बोलतेय असं वाटेल, म्हणून हेही लिहिते. ख्रिसमसला अकरांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही पोरगी इथे एकटी काय करणार, ते चुकलंच. खासगीपणाचा मान राखणं आणि अंग चोरणं यांत अंतर असतं, आणि हे लोक कधीकधी दुसऱ्याला पहिल्याचं नाव देतात. मला त्याचा राग येतो. तुला आला तर तो गिळू नकोस, फक्त त्याचा अर्थ "मी नकोशी" असा लावू नकोस. त्यांनी त्यांच्या सख्ख्या आजोबांनाही बहुधा तीन आठवडे आधी कळवलं असेल. शिवाय तो सण त्यांच्याकडे अगदी घरातल्या घरात असतो. चोवीस डिसेंबरला दुपारी तीनला अख्खा देश टीव्हीसमोर बसून डोनाल्ड डक बघतो, १९६० पासून दर वर्षी तोच कार्यक्रम. तुझ्या देशातलं बदक हा त्यांचा कुळाचार झालाय. त्यांना याबद्दल विचार, हा विषय निघाला की सगळ्यात अबोल मुलगाही संवाद पाठ म्हणून दाखवेल.

आता चिठ्ठी. या एका बाबतीत तू नशीबवान आहेस, कारण तुझी मुळं महाराष्ट्रात आहेत. आजीला विचार पुणेरी पाटी म्हणजे काय. "दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, उत्तर मिळणार नाही" हे ज्यांनी वाचलंय त्यांना स्वीडनची धुलाईखोली परकी नाही. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही ते सगळं तिथल्या भिंतीवर निघतं: जाळीतला कापूस काढा, वेळ संपली की कपडे उचला, आपली आई इथे काम करत नाही. त्या चिठ्ठ्यांना इथे रीतसर नाव आहे, "रागावलेली चिठ्ठी". फरक एवढाच, पुणेकर पाटी लावून वर तोंडीही सुनावतो.

माझी पहिली चिठ्ठी १९९८ च्या डिसेंबरात आली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नोव्हेंबरात इथे उतरलो होतो, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. बर्फ पडलेलं नसतं, म्हणून खालूनही उजेड येत नाही, नुसता ओला काळोख. मला धुलाईची वेळ आधी नोंदवायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मोकळं यंत्र दिसलं तशी साड्या टाकून आले. परतले तर साड्या घडी घालून, हो, घडी घालून बादलीत ठेवलेल्या, आणि वर चिठ्ठी. नवऱ्याने शब्दकोशातून वाचून दाखवली: ही माझी वेळ होती. खाली दाराचा क्रमांक. आमच्या समोरचंच दार. चिठ्ठीवाल्या बाईंना मी तोवर दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा पाठमोरं.

मी मूळची कोल्हापूरची, मला गप्प बसवेना. चकल्या केल्या, स्टीलचा डबा भरला, घंटी वाजवली, डबा हातात दिला आणि "सॉरी" म्हणून पळाले. तीन दिवसांनी डबा दाराबाहेर. घासलेला, पुसलेला, रिकामा. मला असं लागलं म्हणून सांगू! आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, ही माणसं. डबा आठवडाभर तसाच ओट्यावर पडला. मग झाकण उघडलं तर आत दुमडलेला कागद. जानेवारीतल्या एका रविवारची तारीख, दुपारी दोन, आणि एक शब्द: फीका.

मला वाटलं, चकल्या फिक्या लागल्या की काय.

फीका म्हणजे कॉफी आणि सोबत काहीतरी गोड, आणि मुख्य म्हणजे बसणं. जुन्या बोलीत कॉफीला "काफी" म्हणत, ती अक्षरं उलटी करून हा शब्द झाला म्हणतात. कागदावरची तारीख साडेतीन आठवड्यांनंतरची होती. गेलो. बाईंनी वेलदोड्याचे पाव केले होते; वेलदोडा हा इथल्या भट्टीचा प्राण आहे हे एव्हाना तुला कळलं असेलच, वासाने आजीच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं होतं. बूट दाराशी काढले, त्यांनी कौतुकाने बघितलं. (ही तुझी दुसरी जमेची बाजू. बूट घालून आत येणाऱ्या अमेरिकनांची इथे फार चर्चा असते, आणि साताऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवायला नको.) त्या कमी बोलल्या, मी स्वीडिश येत नसल्याने आणखी कमी. निघताना त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढच्या महिन्यातला रविवार दाखवला. तिथपासून दर महिन्याला एक रविवार, त्या जाईपर्यंत, एकोणीस वर्षं. त्यात एकदाही त्या न कळवता आल्या नाहीत आणि एकदाही ठरवलेलं चुकलं नाही. माझ्या सख्ख्या नणंदेबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

म्हणून तुला माझं सांगणं इतकंच की इथे माणूस धुलाईच्या वेळेसारखा नोंदवावा लागतो. तू दार उघडं ठेवून वाट बघतेस, टेक्सासात तसंच चालतं आणि साताऱ्यातही. इथे त्या उघड्या दारावरून लोक अदबीने पुढे जातात. ठरलेली वेळ दे, आणि ती परत परत दे. चार-सहा वेळा त्याच दिवशी त्याच ठिकाणी दिसलीस की मग तू त्यांची.

उप्सालात त्यासाठी तयार चौकटी पडल्यात. विद्यार्थ्यांच्या त्या तेरा "नेशन", म्हणजे विद्यार्थी मंडळं, तू तिथे फक्त स्वस्त बर्गर खायला जातेस ना? तिथे काम कर. दर मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात कांदा चिरायला उभी राहा. स्वीडिश माणूस नुसत्या गप्पा मारू शकत नाही, हातात काहीतरी लागतं. सुरी दिलीस की तिसऱ्या आठवड्यात तो त्याच्या प्रेमभंगापर्यंत येतो. गाता येत असेल तर गायनवृंद बघ, या देशात गल्लोगल्ली वृंद आहेत, आणि बारा माणसांत उभं राहून एकत्र श्वास घेतल्यावर ओळख करून द्यावी लागत नाही. भाषा शीक, मोडकी चालेल. ते लगेच इंग्रजीत उत्तर देतील, तू दामटून स्वीडिशच बोल. बर्फावर जायचं असेल तर गोठलेल्या तळ्यांवर लांब पल्ल्याचं स्केटिंग करणाऱ्यांचा गट गाठ, पण एकटी कधीच नाही, आणि गळ्यात बर्फात रोवायच्या त्या दोन टोच्या असल्याशिवाय तर नाहीच. पाण्यात पडलेला माणूस त्यांवर स्वतःला ओढून वर येतो. इथली लहान पोरंही हे जाणतात.

आणि कॉरिडॉरसाठी एक कल्पना. शुक्रवारी संध्याकाळी अख्खा स्वीडन टाको खातो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. काकडी घातलेले. टेक्सासच्या मुलीने हे पाच महिने मुकाट्याने सहन केलं, हेच मला नवल वाटतं! फ्रीजवर कागद लाव: "आठवडा सात, शुक्रवार, सहा वाजता. टेक्सासचे खरे टाको. काकडी आणू नये." खाली बारा ओळी आख, नावं लिहायला आणि कोण काय आणणार ते लिहायला. चिठ्ठी लावणाऱ्यांना चिठ्ठीनेच गाठायचं. पहिले चार दिवस कुणी लिहिणार नाही, घाबरू नकोस, एकाने लिहिलं की रांग लागेल. आणि सहा म्हणजे सहा. विद्यापीठात दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, ती सवलत फक्त विद्येला, जेवणाला नाही. जेवण संपलं की तिथेच पुढची तारीख ठरव. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेकऱ्यांत बदामाचं सारण आणि वर साय भरलेले सेमला मिळतात, ते कुणाला तरी आणायला सांग.

अजून एक, सध्या जे भकास वाटतंय त्याला कॅलेंडरचंही कारण आहे. ॲडव्हेंटपासून, म्हणजे ख्रिसमसच्या चार रविवार आधीपासून, खिडक्याखिडक्यांत तारे आणि मेणबत्त्या असतात, तेरा डिसेंबरला लुसिया हा दिव्यांचा सण, केशराचे पाव. मग तेरा जानेवारीला क्नूतचा दिवस येतो, झाडं बाहेर टाकतात, दिवे उतरवतात, आणि अंधार मात्र तसाच राहतो. इथले लोकही या दिवसांत थकलेले असतात, तुझ्या दाराआडचा मुलगाही. पण फेब्रुवारीत दिवस रोज जवळजवळ पाच मिनिटांनी वाढतो, आठवड्याला अर्धा तास. वीस मार्चच्या सुमारास तू आणि ह्यूस्टन बरोबरीला याल, आणि मग तू पुढे. तीस एप्रिलला वाल्बोरी, वसंताच्या स्वागताचा सण. तुझे हेच अबोल शेजारी सकाळी गवतावर खारवलेली हेरिंग खात बसलेले असतील, घरी बनवलेले तराफे फ्यूरिस नदीत घालतील आणि हमखास बुडतील. ते बघ आणि मग ठरव. तेव्हाही जावंसं वाटलं तर खुशाल जा, मी आईची समजूत काढायला नाही, तुला बॅगा भरायला मदत करायला येईन. मध्येच थांबायची वेळ आलीच, तर आधी अभ्यासक्रमाच्या सल्लागाराला भेट. मंजूर रजा आणि परस्पर सोडून जाणं यांचा तुझ्या निवासाच्या परवान्यावर होणारा परिणाम वेगळा असू शकतो. फी भरलीय म्हणून मात्र थांबू नकोस.

आईला काय सांगायचं? तिला सांग की एक कोल्हापूरकरीण तासाभरावर आहे. सातारकर मंडळी आमच्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत, पण थंडीत ठेवतील. संपादकांकडे पत्ता दे, चकल्यांचा डबा पाठवते. रिकामा परत आला तर झाकण उघडून बघेन.

राहिलं ते दहाचं किंचाळणं. ते वेडे नाहीत. फ्लोग्स्टात कित्येक दशकं रोज रात्री दहाला पोरं खिडकीत येतात आणि पोटातून ओरडतात, या इमारतीतून त्या इमारतीत. दिवसभर जे "हेय" म्हणून फ्रीजमध्ये डोकं घालतात ना, तेच. तुला वेळ कुणी कळवली नाही, पण ती रोजची ठरलेली आहे, आणि बोलावणं सगळ्यांना आहे. आज पावणेदहाला फोन ठेवून दे, आजीची शाल गुंडाळ, दिवा मालव, खिडकी उघड. मराठीत ओरडलीस तरी चालतं.

तुझी,
मावशी